काळूची दोन चित्रं

पाळीव प्राण्यांची जलरंगातली चित्रं ऑर्डरवर करायला लागून मला नऊ वर्षं झाली. बहुतेक कामं सरळ जातात. फोटो येतात, रेखाटन पसंत पडतं, चित्र होतं, आणि आठवड्याभरात भिंतीवर लावल्याचा फोटो परत येतो. काळूचं काम तसं झालं नाही. एकाच कुत्र्याचं चित्र मला दोनदा करावं लागलं, आणि त्यानंतर माझी काम घ्यायची पद्धतच बदलली. म्हणून हे सगळं प्रकरण क्रमाने लिहून काढते आहे. आपल्या कुत्र्या-मांजराचं चित्र करून घ्यायच्या विचारात असलेल्यांना यातून काय विचारावं, काय सांगावं ते कळेल. घरच्यांची परवानगी घेतलेली आहे. माणसांची नावं लिहीत नाही. काळूचं नाव तेवढं खरं आहे.

काम आलं ते असं

एप्रिलच्या शेवटी पुण्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. आई-वडील वाईला असतात, वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. काळू गेल्या दिवाळीच्या आधी गेला. तेरा वर्षं घरात होता. निवृत्तीनंतरही अप्पांना सकाळी आगाराच्या कँटीनला चहाला जायची सवय, तिथेच उभ्या गाडीखाली भर पावसात हे पिल्लू कुडकुडत बसलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी ते पिशवीत घालून घरी आणलं. "तो गेल्यापासून अप्पा संध्याकाळचे घाटावर जायचेच बंद झालेत," मुलगा म्हणाला. "वाढदिवसाला त्याचं चित्र द्यायचंय. पण त्यांना आधी कळता कामा नये."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. त्यात काय अडचण आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ठरलं ते असं: 11 बाय 15 इंचाचा कागद, म्हणजे पूर्ण शीटचा पाव भाग. मान आणि खांद्यापर्यंतचं चित्र, मागे मोकळा पांढरा कागद. 8,000 रुपये, त्यातले निम्मे विसार म्हणून आधी. पेन्सिलीचं रेखाटन मी पाठवणार, ते पसंत पडल्यावरच रंगाला हात लावणार. जलरंगात ही पायरी फार महत्त्वाची असते, कारण तैलरंगासारखं वरून झाकून दुसरं काढता येत नाही. कागदावर बसलेला रंग थोडाफार उचलता येतो, पण पाऊण इंच सरकलेला डोळा परत जागेवर आणता येत नाही.

फोटो आले 43. एरवी मी फोटो 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर फाईल दाबली जाते आणि सगळ्यात आधी केसांचा पोत नाहीसा होतो. मुलाने ते नीट पाळलं होतं, तरी निम्म्याहून जास्त फोटो कामाचे नव्हते. काळ्या कुत्र्याचं हे दुखणं नेहमीचंच. समोर मोठा काळा भाग आला की फोनला वाटतं उजेड कमी आहे; तो उजेड वाढवतो आणि कुत्रा राखाडी, मागचं अंगण पांढरंफटक होऊन जातं. उन्हातली भिंत सांभाळायला गेला तर कुत्र्याच्या जागी नुसता काळा डाग उरतो. रात्री फ्लॅश मारून काढलेले सात-आठ होते, त्यांत डोळे हिरवे-पिवळे चमकत होते. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे उजेड परत फेकणारा थर असतो, त्याच्यामुळे त्याला अंधारात आपल्यापेक्षा बरं दिसतं, पण चित्रकाराला त्या फोटोतून डोळ्याचा खरा रंग कळत नाही.

एक फोटो मात्र पाहताक्षणी मनात भरला. सकाळचं तिरपं ऊन, काळूचं तोंड सरळ समोर, नजर तरतरीत, उजवा कान ताठ. गळ्यात लाल पट्टा. तो अप्पांच्या नातीने, म्हणजे या गृहस्थांच्या मुलीने, खाली बसून काळूच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढला होता. प्राण्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जाऊन काढावा, हे मी स्वतः सगळ्यांना सांगत आलेले. मुलालाही तोच फोटो आवडला. फक्त त्याने दोन गोष्टी सांगितल्या: डोळे जरा धूसर दिसतात ते स्वच्छ करा, आणि तोंडावरचे पांढरे केस कमी करा. "शेवटी शेवटी थकला होता तो. अप्पांना तसा नको दाखवायला." मला ते पटलं.

पहिलं चित्र

काळा प्राणी जलरंगात करणं मला मनापासून आवडतं. त्याची गंमत अशी की त्यात काळा रंग वापरायचाच नसतो. ट्यूबमधला लॅम्प ब्लॅक सपाट बसतो, चित्राला तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. मी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घेते. निळा थोडा जास्त पडला की थंड काळा येतो, सिएना जास्त पडला की उबदार. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात आणि सुकल्यावर केसाळ पोत आपोआप येतो. एकेक केस काढत बसावं लागत नाही. पांढरा रंगही नाही. जिथे उजेड, तिथे कागद मोकळा सोडायचा, आणि तो कुठे सोडायचा हे ब्रश उचलायच्या आधी ठरलेलं हवं.

जलरंग सुकला की फिका पडतो. रात्री कोळशासारखा दिसलेला काळा सकाळी बघावं तर ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा. मग वर दुसरा हात, तिसरा हात, आणि दर वेळी खालचा थर चिखल होण्याची भीती. काळूच्या पहिल्या चित्रात हे सगळं नीट जमलं होतं. कपाळावरची निळसर झाक, गालाखालची ऊब, नाकाचा ओलेपणा, सगळं. डोळे मी स्वच्छ तपकिरी केले, त्यांत खिडकीचा पांढरा ठिपका सोडला. फोटोत डावा कान किंचित हललेला, दुमडल्यासारखा दिसत होता. फोटो काढताना त्याने तो फडफडवला असणार असं धरून मी तो उजव्यासारखा ताठ केला. रेखाटन मुलाने पाहिलं, हो म्हणाला. पूर्ण झालेल्या चित्राचा फोटो पाठवला, त्यावर त्याने हात जोडले. उरलेले पैसे त्याच दिवशी आले.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

अप्पांनी कागद सोडला, चष्मा लावला, चित्र हातात धरून दाराशी उजेडात गेले आणि बराच वेळ बघत राहिले. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मग म्हणाले, "चांगलं काढलंय की. कुणाचं कुत्रं म्हणायचं हे?"

त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. मुलाने "अप्पा, आपला काळू" म्हटल्यावर ते एकदम ओशाळले, "हां हां, काळूच की," म्हणाले आणि चित्र जपून टेबलावर ठेवलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

कुठे चुकलं ते शोधताना

दुसऱ्या दिवशी सगळे 43 फोटो मी पुन्हा उघडले, या वेळी काळूला न बघता फोटो काढणाऱ्याला शोधत. हा फोटो कुणी काढला, कुठून काढला, त्या वेळी काळू कुणाकडे बघत होता? एका तासात जे दिसलं ते दोन महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं. 43 मधला एकही फोटो अप्पांनी काढलेला नव्हता. त्यांच्याकडे साधा फोन. जवळजवळ सगळे नातीने, मुलाने किंवा सुनेने काढलेले, सुट्टीत वाईला गेल्यावर. ज्या माणसाबरोबर काळू वर्षाचे साडेतीनशे दिवस राहिला, त्याला तो कसा दिसायचा याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. आणि भेट गुपित ठेवायची म्हणून त्याच माणसाला मी काही विचारूही शकत नव्हते.

मुलाला मी एक प्रश्न विचारला: हा फोटो काढताना मुलीच्या हातात काय होतं? "बिस्कीट," तो म्हणाला. म्हणजे ती तरतरीत नजर बिस्किटाकडे होती. नात दीड फुटावर बसली होती. इतक्या जवळून घेतलं की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जाऊन लहान होतात. ते मी रेखाटनात अंदाजाने सुधारलं होतं, पण तो माझा अंदाज. लाल पट्टा? "तो आम्हीच नेला होता पुण्याहून. त्या दिवशी घातला, फोटो काढला, संध्याकाळी अप्पांनी काढून टाकला." आणि डावा कान? तिकडे थोडा वेळ शांतता. "तो त्याचा फाटकाच होता. कायम पडलेला. चित्रात ताठ झाला, मला वाटलं तुम्ही मुद्दाम छान केलात."

तर हे असं झालं होतं. कान मी ताठ केला, डोळे मी धुतले, तोंडावरचे पांढरे केस मी उतरवले, पट्टा जो नव्हता तो ठेवला. प्रत्येक बदल लहान होता आणि प्रत्येक पसंत करून घेतलेला होता.

पैशांचं

यावर लोक बोलायचं टाळतात, म्हणून लिहिते. कागदोपत्री माझं काम पूर्ण झालं होतं. रेखाटन पसंत, चित्र पसंत, पैसे मिळालेले. मुलगा स्वतःच म्हणाला की दुसरं चित्र करा, पूर्ण पैसे देतो. मला ते घेववेना. पसंती त्याने दिली होती हे खरं, पण काय विचारायचं ते मला कळायला हवं होतं, कारण हे काम रोज करते ती मी. उलट फुकट करून देणंही बरोबर वाटेना. चौदा-पंधरा दिवसांचं काम असतं, आणि फुकटच्या कामावर बोलायला समोरच्यालाही संकोच वाटतो. शेवटी 3,000 ठरले. अट माझी एकच: गुपित संपलंय, आता मला वाईला येऊन अप्पांशी बोलू द्या.

वाई

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. खंबाटकीच्या पुढे पाऊस लागला. घर कृष्णेच्या घाटाजवळच्या गल्लीत, जुनं, पुढे दोन पायऱ्यांचा ओटा, आत लाल कोबा. अप्पा उंच, सडपातळ, फार कमी बोलणारे. चित्र आवडलं नाही असं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "चित्र झ्याक आहे हो बाई, तुम्ही कशाला पावसाचं आलात," एवढंच दोनदा म्हणाले.

काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईने, चहा आणला आणि त्या सहज म्हणाल्या, "त्याच्या डोक्यावर यांचा हात नाही असा तो मी बघितलाच नाही कधी." त्या वाक्यावर मला पुढची वाट मिळाली. मी अप्पांना म्हटलं, तुम्ही बसायचा तिथे बसा आणि तो कुठे असायचा ते दाखवा. ते ओट्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले, उजव्या अंगाला रेलून, आणि हात खाली सोडला. तळवा जमिनीला समांतर, बोटं किंचित वाकलेली. "इथं डोकं यायचं." हात हवेत थांबला होता, पण त्याची जागा पक्की होती, मी टेप लावून पाहिलं, खालच्या पायरीपासून 17 इंच. दहा मिनिटांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, तर पुन्हा 17.

मी समोर बसून त्या हाताचं आणि हाताखालच्या रिकाम्या जागेचं रेखाटन केलं. मग अप्पांना उठवून त्यांच्या जागी मी बसले. तिथून पाहिलं आणि पहिल्या चित्रातली मोठी चूक उलगडली. अप्पांनी काळूला तेरा वर्षं वरून पाहिलं होतं. वरून कपाळ रुंद दिसतं, नाक लहान होऊन खाली जातं, आणि वर बघणाऱ्या डोळ्यांच्या खालच्या कडेला पांढऱ्याची बारीक कोर दिसते. समोरासमोर, डोळ्यांच्या पातळीवरचा काळू हा नातीने पाहिलेला काळू. अप्पांना तो कधी भेटलाच नव्हता.

उजेड समजून घ्यायचा होता. काकूंकडे काळी घोंगडी होती. तिची घडी करून पायरीवर 17 इंचांपर्यंत रचली आणि तासभर तिच्यावर उजेड कसा पडतो ते बघत बसले. वरून पावसाळी आभाळाचा निळा-राखाडी उजेड येत होता, आणि आतल्या लाल कोब्यावरून परत आलेली मंद तांबूस झाक खालच्या बाजूला. काळ्या वस्तूला स्वतःचा रंग असा थोडाच असतो. ती आजूबाजूचे रंग उसने घेते. पुण्यात टेबलावर बसून हा कोबा मला कुठून सुचला असता?

घोंगडी बघून अप्पा मोकळे झाले. आपण होऊन सांगू लागले. डावा कान डेपोतल्या कुत्र्यांच्या भांडणात फाटला, तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. हाक मारली की उजवा उभा राहायचा, डावा तसाच लोंबायचा. "त्यावरनं तर लांबनं ओळखू यायचा." शेवटच्या तीन-चार वर्षांत हनुवटी पांढरी झाली, मग भुवया. डोळ्यांत निळसर ढग आला. वय झालेल्या कुत्र्यांच्या भिंगात असा धूसरपणा येतोच, तो मोतीबिंदू नव्हे, त्यात त्यांना बरंचसं दिसत असतं. अप्पांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण गोष्ट ठाऊक होती: "दिसायचं त्याला. फक्त माझ्याकडं जरा जास्त वेळ बघायचा, मीच आहे का म्हणून."

मुलाने म्हातारपण पुसायला सांगितलं होतं ते प्रेमानेच. पण अप्पांचं प्रेम त्या म्हातारपणापाशीच होतं.

निघताना काकूंनी देवघराच्या खालच्या खणातून एक पुडी काढली. वर्तमानपत्राचा तुकडा, आत काळा गोफ आणि त्यात ओवलेला पितळी घुंगरू. काळूच्या गळ्यात शेवटपर्यंत हाच होता. गोफाच्या गाठीत पाच-सहा केस अडकलेले. मी एक केस दाराच्या उजेडात धरला. मुळाशी काळा, मधे तपकिरी, टोकाला चक्क तांब्याच्या तारेसारखा. वर्षानुवर्षं उन्हात बसलेल्या काळ्या कुत्र्याचे केस असे टोकाकडून विटतात. फोटोंत हा तांबूसपणा कुठेच नव्हता. काकूंनी तीन केस मला दिले, ते मी वहीत चिकटपट्टीने लावले. घुंगराचं रेखाटन केलं. एका बाजूला घासून घासून तो सपाट झाला होता.

दुसरं चित्र

आपल्याकडे जलरंगातल्या व्यक्तिचित्राची परंपरा मोठी आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं, पण ते जलरंगातलं आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी खरोखर दिवा घेऊन उभी राहिली होती. बोटांच्या फटीतून येणारा तो उजेड समोर बघूनच काढता येतो. माझ्यासमोर काळू नव्हता. होता तो एक हात, 17 इंचांवर थांबलेला, एक घोंगडी आणि तीन केस. पण 43 फोटोंपेक्षा ते जास्त होतं.

फोटो मी टाकून दिले नाहीत. सुनेने ओट्यावर उभं राहून काढलेला एक हललेला फोटो होता, पहिल्या वेळी मी तो बाद केला होता. त्यात काळू वर बघत होता. वरच्या कोनातली डोळ्यांची आणि नाकाची प्रमाणं त्याच्यावरून जुळवली. रेखाटन या वेळी छापून वाईला पोस्टाने पाठवलं, सोबत पेन्सिल. अप्पांनी दोन ठिकाणी खुणा करून परत केलं: कान आणखी खाली, आणि कपाळावर मधोमध एक आडवी रेघ. ती सुरकुती होती. वर बघताना पडायची.

पुढे पावसाने आठ दिवस घेतले. कॉटनच्या कागदावर रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून खळ दिलेली असते. दमट हवेत ठेवलेल्या कागदाची खळ जागोजाग जाते, आणि ते रंग लावेपर्यंत दिसत नाही. पहिलाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला आणि कपाळावर टाचणीने टोचल्यासारखे गडद ठिपके उठले. तो कागद गेला. नवीन शीट आणली, या वेळी कोपऱ्यावर पाणी लावून आधी तपासून घेतली. तेव्हापासून पावसाळ्यात माझे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट असतात.

दमट हवेचा एक फायदाही झाला. वॉश सुकायला वेळ लागत होता, त्यामुळे ओल्यात ओला रंग सोडून हनुवटीचा पांढरेपणा हळूहळू काळ्यात मिसळता आला. उन्हाळ्यात ती कड कात्रीने कापल्यासारखी आली असती. केसांची टोकं शेवटी केली: जवळजवळ कोरडा ब्रश, नुसता बर्न्ट सिएना, वहीतले केस शेजारी ठेवून. डोळ्यांवर निळसर ढग ठेवला आणि त्यातला उजेडाचा ठिपका जरा मवाळ केला, कारण त्या डोळ्यांत खिडकी टोकदार दिसत नाही. डोक्यावर, जिथे हात असायचा, तिथे कागद जवळजवळ मोकळा आहे. हातही चित्रात घ्या असं मुलाने सुचवलं होतं. मी घेतला नाही. हात अप्पांकडे आहे.

रंग कोणते वापरले हे मी चित्रामागे लिहून देते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दोन्ही प्रकाशात टिकणारे आहेत. जिभेच्या गुलाबीसाठी जुना अलिझरीन क्रिमझन टाळला, तो उजेडात उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन रोझ.

मधेच मुलाने विचारलं, नातेवाइकांना द्यायला चित्र कपांवर छापून घेतलं तर चालेल का? हा प्रश्न पुष्कळांना पडतो, म्हणून सांगते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन कुणी चित्र करून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते करून घेणारा असतो. म्हणजे उलट मलाच ते चित्र माझ्या कामाच्या नमुन्यांत दाखवायला त्याची परवानगी हवी. ती मी लेखी घेतली. चित्रकार म्हणून नाव असण्याचा हक्क माझ्याकडे राहतो. आता हे सगळं मी काम घेतानाच दोन ओळींत लिहून देते.

आणखी तीन गोष्टी बदलल्या. चित्र कुणासाठी आहे हे पहिल्याच फोनवर विचारते, आणि त्या माणसाशी बोलायला मिळणार नसेल तर भेट गुपित ठेवायचा आग्रह सोडायला सांगते. फोटो कुणी आणि कुठून काढला हे प्रत्येक फोटोखाली लिहून मागते. आणि 'हे जरा छान करा' असं कुणी म्हणालं, मग तो कान असो, दात असो की पडलेले केस, तर मी आधी विचारते की ते तसं कसं झालं. त्याची गोष्ट निघाली की बहुतेक लोक स्वतःच म्हणतात, राहू द्या तसंच.

दोन्ही चित्रं आता कुठे आहेत

जुलैच्या मध्याला दुसरं चित्र झालं. फ्रेमवाल्याला चित्राभोवती दोन इंचांचा पुठ्ठ्याचा माउंट द्यायला सांगितलं, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. वाईचं घर नदीजवळचं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. म्हणून फ्रेममागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घेतले, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहावी. समोरचं ऊन पडेल अशी भिंत टाळा एवढं सांगितलं.

पहिलं चित्र मी परत न्यायला तयार होते. मुलाने त्याच्या मुलीला विचारलं. दहा वर्षांची आहे ती. तिने ते सोडायला साफ नकार दिला. "हा माझा काळू आहे. माझ्याकडेच बघतोय तो." बिस्कीट तिच्याच हातात होतं, त्यामुळे तिचं म्हणणं बरोबरच होतं. ते चित्र, लाल पट्ट्यासकट, आता पुण्यात तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर आहे.

दुसरं घेऊन मुलगा वाईला गेला, या वेळी कागदात न गुंडाळता. अप्पांनी चष्मा लावला नाही, असं त्याने सांगितलं. हातभर अंतरावरूनच पाहिलं आणि "कान बघ की," एवढंच काकूंना म्हणाले.

मग लावायचं कुठे ते निघालं. माजघरात आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो आहेत, छताजवळ, पुढे झुकवून लावलेले. मुलाने त्या ओळीत खिळा मारायला स्टूल घेतलं. अप्पांनी नको म्हटलं. त्यांनी त्याला ओट्याच्या आतल्या बाजूला, दाराशेजारी नेलं, स्वतः वरच्या पायरीवर बसले, उजव्या अंगाला रेलले आणि हात खाली सोडून जागा दाखवली. खिळा तिथे आहे. चित्र बघायला पाहुण्यांना वाकावं लागतं.